प्रदर्शनवाल्या मंडळींनो, ते 'दुर्मिळ बेटांवरच्या ऑर्किडचं दालन' करू नका – एका सोलापूरकराचं खुलं पत्र

आदरणीय संयोजक समिती, शहरातले सगळे नर्सरीवाले मालक, आणि फुलझाडांची हौस असणारे तमाम सोलापूरकर,

सगळ्यांना नमस्कार.

पत्र तुमच्या नावानं आहे पण लिहितोय चारचौघांत, कारण आधी तोंडी बोलून बघितलं, मग लेखी अर्ज दिला, आणि उत्तर काय आलं तर "मास्तर, पुढच्या वर्षी याहून मोठं करतोय, बघाच तुम्ही". झालं असं की यंदाच्या फुलझाडांच्या प्रदर्शनात एका बाहेरगावच्या विक्रेत्याला तुम्ही गेटजवळचा मोक्याचा स्टॉल दिला, त्याच्याकडं ना कुंडी ना जाळीचा पॉट, ओल्या गोणपाटावर मेथीच्या जुड्या लावाव्यात तशी ऑर्किडं सुतळीनं बांधून लावलेली, आणि वर पाटी "अंदमान जंगली ऑर्किड ओरिजिनल". दोन दिवसांत सगळा माल उठला. आणि आता तुम्ही जाहीर केलंय की पुढच्या वर्षी 'दुर्मिळ बेटांवरची ऑर्किडं' असं वेगळं दालनच उभं करणार, सगळ्यात दुर्मिळ झाड आणणाऱ्याला बक्षीस देणार, आणि वर म्हणताय की हे सगळं 'संवर्धनासाठी' आहे. इथं मात्र मला गप बसवेना.

मी कोण, तर युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग बघतो, राहायला जुळे सोलापूर, गच्चीवर शेडनेट मारलंय आणि त्याखाली ऑर्किडं आहेत. सोलापुरात ऑर्किड म्हटलं की लोक हसतात आणि हसणारच की, एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढं, हवेत ओल नावाला नाही, नळाला पाणी येतंय कधी चार दिवसांनी कधी पाच, आणि ते पण इतकं जड की पानांवर पांढरे डाग धरतात. म्हणून पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, एसीच्या नळीखाली बादली लावायची, आणि दुपारचा कूलर माणसांपेक्षा झाडांकडं जास्त वळलेला, यावरून घरात रोजची कटकट ती वेगळीच. माझ्याकडचं एकूण एक झाड नर्सरीत वाढलेलं आहे आणि बिलं जपून ठेवलीयत. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. सांगायचं एवढ्यासाठी की इथं ऑर्किड जगवायला काय लागतं ते मला माहीत आहे, आणि जंगलातून ओरबाडलेलं ऑर्किड कसं मरतं तेही, कारण प्रत्येक प्रदर्शनानंतर दोन-तीन महिन्यांनी लोक ती झाडं पिशवीत घालून माझ्याकडंच घेऊन येतात, "मास्तर बघा की ओ, काय झालंय याला".

तर पहिली तक्रार हीच. ऑर्किड लगेच मरत नाही, सगळी गोम तिथंच आहे. त्याच्या जाड बुडख्यात आणि पानांत पाणी साठवलेलं असतं, मुळांवर पांढरं स्पंजासारखं कवच असतं जे हवेतली ओल आणि पावसाचं पाणी पटकन शोषून घेतं. झाडाच्या सालीवरून ओढून काढताना ती मुळं तुटतात, कवच सोलून निघतं, आणि तिथून पुढं ते झाड नुसतं शिलकीवर जगतं. घरी आणल्यावर महिनाभर हिरवंगार, कधीकधी फूलसुद्धा देतं, घेणारा खुश. मग हळूहळू बुडखा सुरकुततो, पानं गळतात, आणि उन्हाळा लागला की खेळ खलास. तोवर स्टॉलवाला पार कुठल्या कुठं गेलेला असतो, आणि घेणारी ताई म्हणते माझ्याच हाताला झाड लागत नाही. अहो ताई, तुमच्या हाताचा काय दोष, तुम्हाला विकलंच मेलेलं झाड होतं.

दुसरी तक्रार समितीतल्या एका काकांच्या बोलण्यावर आहे, वयानं मोठे आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ते म्हणाले "बेटावर जंगलात ढिगानं असतंय बे, दोन-चार जुड्या आणल्यानं काय बिघडतंय". काका, याचं उत्तर जरा लांब आहे पण वाचाच.

ऑर्किडचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया, वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. १८८३ ला इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि ते बेट भाजून निघालं, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत तिथं पुन्हा उगवलेल्या झाडांत ऑर्किडं होती. म्हणजे समुद्र ओलांडायला ऑर्किड पक्कं तयार. मग तुम्ही म्हणाल एवढं सोपं असेल तर सगळ्या बेटांवर ऑर्किडांचा नुसता सडा पडलेला असणार. तर तसं नाही. न्यू गिनी बेटावर अडीच हजारांच्या वर जाती आहेत, आणि हवाईसारख्या हिरव्यागार, पावसाच्या बेटांवर मूळच्या जाती किती, तर फक्त तीन! कारण त्या धुळीएवढ्या बीमध्ये शिदोरीच नसते. गव्हाच्या, हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाला पुरेल असं अन्न भरलेलं असतं, ऑर्किडच्या बीमध्ये ते नाही, उगवायचं तर ठरावीक बुरशी भेटायला लागते आणि तीच त्याला लहानपणी भरवते. बरं बुरशी भेटली, झाड मोठं झालं, फूल आलं, तरी परागीकरण करणारा किडा किंवा पक्षी त्या बेटावर नसेल तर शेंग धरणार कशी? बी पोचलं पण सोबती नाही पोचले. हवाईची बेटं सगळ्या खंडांपासून हजारो किलोमीटर लांब, तिथं हा मेळ फार थोड्या वेळा जमला.

आणि जिथं जमला तिथं काय काय झालंय ते बघा, मला तर हे वाचताना झोप लागत नाही. मादागास्करचं एक पांढरं ताऱ्यासारखं ऑर्किड आहे, अँग्रेकम सेस्क्विपेडाले, त्याच्या फुलामागं जवळजवळ एक फूट लांब नळी आणि मध पार तळाला. डार्विनकडं १८६२ मध्ये हे फूल आलं तेव्हा तो म्हणाला की तिथं एवढी लांब सोंड असलेला पतंग असणारच. लोकांनी थट्टा केली. वॉलेस या दुसऱ्या निसर्गशास्त्रज्ञानं १८६७ मध्ये त्याची बाजू घेतली, आणि १९०३ मध्ये तो पतंग कागदावर नोंदला गेला, डार्विन तोवर जाऊन वीस वर्षं झाली होती. याच्या पुढचं डार्विनचं म्हणणं मात्र कोण सांगत नाही, तो म्हणाला होता की असे मोठे पतंग मादागास्करमधून संपले तर हे ऑर्किडपण नक्की संपेल. १८६२ मधली गोष्ट आहे ही, आणि आपण अजून ढिगानं असतंय म्हणतोय.

आता त्याच घराण्यातली काही मंडळी वाऱ्यावर शेजारच्या रियुनियन बेटावर गेली. तिथं लांब सोंडेचे पतंग फारसे नाहीत. मग काय करणार, हजारो पिढ्यांत नळी आखूड होत गेली, आणि दोन जातींनी चक्क पक्षी धरले, आपल्याकडं झाडाझुडपांत तो पिटुकला चष्मेवाला दिसतो ना, त्याचेच तिथले भाऊबंद. आणि तिसरी जात, अँग्रेकम कॅडेटी, तिचं काम कोण करतं हे कळेना म्हणून संशोधकांनी रात्री कॅमेरे लावले, तर निघाला बिनपंखांचा रातकिडा! तोंडात मध, डोक्यावर पराग घेऊन फिरतोय. २०१० मध्ये हे छापून आलं. फुलं कुरतडून खाणारी म्हणून ज्यांची ख्याती त्या रातकिडे-टोळांच्या जमातीतलं कोण नियमानं परागीकरण करतं हे तोवर कुठल्याच फुलाबाबत माहीत नव्हतं. एक लहानसं बेट, एकाच घराण्यातल्या तीन जाती, आणि त्यांचे सोबती पक्षी आणि किडा. आता सांगा, त्या जातीची झाडं सुतळीत बांधून सोलापूरला आणली तर रातकिडा कुठनं आणणार आहात?

पतंग-रातकिडा लांबचं वाटत असेल तर व्हॅनिला घ्या. व्हॅनिला म्हणजे ऑर्किडचीच शेंग, वेल मूळ मेक्सिकोकडचा. फ्रेंचांनी तो रियुनियनला नेऊन लावला, वेल वाढला, फुलं आली, शेंगच धरेना, वर्षानुवर्षं. का तर परागीकरण करणारा सोबती तिकडंच राहिला. १८४१ मध्ये एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं काडीनं आणि अंगठ्यानं फुलाचं परागीकरण करून दाखवलं, आणि आजही मादागास्करमध्ये खऱ्या व्हॅनिलाचं एकेक फूल माणसं हातानंच करतात. सोबत्याविना ऑर्किड म्हणजे एवढी मजुरी, आणि ती पण अशा पिकाची ज्याच्या शेंगेला सोन्याचा भाव येतो. आपल्या अंदमानातही व्हॅनिलाची एक स्वतःची जंगली जात आहे, व्हॅनिला अंदमानिका, जगात दुसरीकडं मूळची कुठंच नाही. तिच्या फुलाला काडी लावायला कोण जाणार आहे?

तिसरी तक्रार त्या जुड्यांबद्दलच. त्यातलं एक झाड मला ओळखू आलं, खाली फुगीर बुडखा आणि वर दोरीसारखी बारीक काडी, पिजन ऑर्किड म्हणतात त्याला, डेंड्रोबियम क्रुमेनाटम, अंदमानपासून पार फिलिपिन्सपर्यंत सापडतं. ही जात दुर्मिळ नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो, उगाच भीती घालायची नाही मला. पण त्याची गंमत ऐका. जोराचा पाऊस येऊन हवा एकदम गार झाली की त्याच्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात, आणि साधारण नऊ दिवसांनी त्या टापूतली सगळी झाडं एकाच दिवशी फुलतात, पांढरीशुभ्र, वासाची, आणि दिवस मावळेपर्यंत खलास. लांब लांब फांद्यांवर विखुरलेली झाडं एकाच दिवशी फुलली तरच एकाचा पराग दुसऱ्याला पोचणार, म्हणून हा सगळा हिशोब. आता हे झाड समजा विजापूर रोडच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत जगलंच, वळवाचा पाऊस पडला, फुललंच, तर त्या दिवशी अख्ख्या सोलापुरात ते एकटंच. फोटो छान येईल हो, स्टेटसला टाका. त्याला संवर्धन म्हणू नका.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. बेटावरचं ऑर्किड म्हणजे फक्त ते झाड नसतं, त्याची बुरशी, त्याचा किडा, ज्या फांदीवर बसलंय ती फांदी, ढग कुठं अडतो तो डोंगराचा उतार, हे सगळं धरून ती जात असते. त्यातला हिरवा तुकडा तोडून आणून "आम्ही घराघरांत लावून जात वाचवतोय" म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. आणि ऑर्किड नवीन जागी जगलं म्हणजे सगळं गोड असंही नाही. आपल्या नर्सऱ्यांत ग्राउंड ऑर्किड म्हणून जांभळ्या फुलांचं मिळतं ना, स्पॅथोग्लॉटिस, आशियातलं आहे, ते पोर्तो रिको बेटावर बागांतून सुटून जंगलात पसरलं, त्याच्यावर तिथल्या सोंडकिड्यांची चंगळ झाली, किडे वाढले आणि तिथल्या मूळच्या ऑर्किडला त्याचा त्रास व्हायला लागला. सोलापूरच्या उन्हात ते पसरायची भीती नाही, कुंडीत लावा बिनधास्त. पण लावलं म्हणजे वाचलं हे गणित एवढं सरळ नाही हे समितीनं लक्षात घ्यावं.

चौथी, आणि सगळ्यात गंभीर, ती बक्षिसाची. सगळ्यात दुर्मिळ झाडाला बक्षीस याचा अर्थ कळतोय का ओ तुम्हाला? बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावर एक स्लिपर ऑर्किड आहे, पॅफिओपेडिलम रॉथशिल्डियानम. १८८० च्या दशकात युरोपात आलं तेव्हा व्यापाऱ्यांनी दुसऱ्या कुणी तिथं पोचू नये म्हणून न्यू गिनीहून आणलं अशी थाप ठोकली, मग त्याचा खरा ठावठिकाणा हरवला तो १९५९ मध्ये पुन्हा सापडला. सापडला आणि लगेच लोक तुटून पडले. रोप फुलायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून तयार झाडच उपटायचं, आज ते अतिधोक्यातल्या यादीत आहे. दुर्मिळ म्हटलं की भाव चढतो, भाव चढला की उरलेलं पण उपटलं जातं, त्यानं ते अजून दुर्मिळ, मग भाव अजून वर. या चक्रात सोलापूरची ट्रॉफी कशाला घालताय? आपल्याकडं कोण किनाबालूला जाणार नाही हे मान्य. पण बक्षिसासाठी घाटातून सीतेची वेणी नावाचं ऑर्किड उपटून आणणारे निघतील, लिहून देतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, वकील नाही मी. आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार आहे, भारत १९७६ पासून त्यात आहे. त्यातल्या एकूण जातींपैकी ७० टक्क्यांच्या वर नुसती ऑर्किडं आहेत, आणि पॅफिओपेडिलम गटातली स्लिपर ऑर्किडं तर सगळ्यात कडक यादीत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही स्लिपर ऑर्किड, निळी व्हँडा, लाल व्हँडा ही ऑर्किडं संरक्षित आहेत. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काहीही तोडून आणणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे, ते अंदमान असो नाहीतर आंबोली. उद्या वनखात्याचा माणूस त्या दालनात येऊन कागद मागायला लागला तर स्टॉलवाला पळेल, आणि बॅनरवर नावं तुमची असतील.

बेटांचंच म्हणाल तर ग्रेट निकोबार बेटावर बंदर-विमानतळाच्या मोठ्या प्रकल्पासाठी १३० चौरस किलोमीटर जंगलजमीन वळवायचं ठरलंय, ते तुमच्या-माझ्या हातात नाही, त्यावर कोर्टात आणि दिल्लीत काय व्हायचं ते होईल. पण गेटजवळचा स्टॉल कुणाला द्यायचा हे शंभर टक्के तुमच्या हातात आहे.

संवर्धन करायचंच असेल तर करणारे कसं करतात ते बघा. सिंगापूर म्हणजे बेटच, मूळच्या ऑर्किडांच्या दोनशेच्या वर जाती होत्या, जंगल गेलं आणि त्यातल्या बहुतेक तिथून नाहीशा झाल्या. १९९५ पासून तिथल्या बोटॅनिक गार्डननं शेंगा गोळा करून प्रयोगशाळेत बाटलीत बी उगवलं, रोपं वाढवली, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर, बागांत, जंगलात बांधली. त्यात टायगर ऑर्किड पण आहे, ज्याचा एकेक गड्डा वाढून टनाच्या घरात जातो. आज तिथं बसमधून जाता जाता ते फुललेलं दिसतं. बी घ्यायचं, झाड जागेवर ठेवायचं, रोपं वाढवून परत तिथंच लावायची. आणि आपल्याकडं हौस म्हणून काही करायचं तर रास्ना आहे की! महाराष्ट्रातल्या जुन्या आंब्यांवर वाढणारं, ऊन आणि कोरडी हवा सोसणारं, आपल्या मातीतलं ऑर्किड. त्याच्या दालनाला मी स्वतः खुर्च्या उचलायला येतो.

तर मागण्या. सरळ सांगतो:

१. 'दुर्मिळ बेटांवरची ऑर्किडं' हे दालन आणि दुर्मिळतेचं बक्षीस रद्द करा. बक्षीस द्यायचं तर सोलापूरच्या हवेत सगळ्यात जास्त वर्षं जगवलेल्या ऑर्किडला द्या, बिल दाखवून.

२. ऑर्किड विकणाऱ्या प्रत्येक स्टॉलवाल्याकडून झाडं कुठल्या नर्सरीत किंवा लॅबमध्ये वाढली याचा कागद आधी घ्या. कागद नाही तर स्टॉल नाही, मग तो कितीही भाडं देऊ दे.

३. माल लागताना जाणकार माणूस फिरवा. ओळखायला अवघड नाही: मुळाला साल चिकटलेली, मुळं तुटकी, पानांवर शेवाळ आणि किड्यांनी खाल्लेल्या जुन्या खुणा, एकाच जुडीत लहानमोठी वेडीवाकडी झाडं, म्हणजे जंगलातलं. नर्सरीतली एका मापाची, स्वच्छ मुळांची, पॉटमध्ये रुजलेली असतात. मी फुकट येईन, दोन्ही दिवस.

४. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, त्यांना पत्र लिहा, एखादा शास्त्रज्ञ बोलवा. जिल्ह्याच्या वनखात्यालाही उद्घाटनाला नुसता हार घालायला नको, तपासणीला बोलवा.

५. नर्सरीवाल्या मालकांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा यांची टिश्यू कल्चरची रोपं आता सगळीकडून येतात, त्यातही तुम्हाला नफा आहे, आणि गिऱ्हाइकाचं झाड जगलं तर तो परत तुमच्याकडंच येतो. जुडीवाल्याकडून माल घेऊ नका.

६. यंदा ज्यांनी त्या जुड्या घेतल्या त्यांना समितीनं निदान एक मेसेज तरी पाठवावा की हे झाड कसं सांभाळायचं. सावली, पावसाचं पाणी, मातीत अजिबात पुरायचं नाही. आणलंयच तर जगवायचा प्रयत्न तरी होऊ दे.

समितीची बैठक दिवाळीनंतर असते असं कळलंय. मला दहा मिनिटं द्या, जास्त बोलत नाही. शेजारच्या काकूंनी त्या स्टॉलवरनं घेतलेलं झाड आणि माझ्याकडचं नर्सरीतलं त्याच जातीचं झाड, दोन्ही घेऊन येतो, टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो. मुळं बघा, मग ठरवा. अर्जाची प्रत याच्यासोबत पुन्हा जोडलीय, आधीची हरवली असेल म्हणून.

आपला,
जुळे सोलापुरातला एक कटिंग मास्तर